कुकच्या पत्रांतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’

१

परदेशात स्थायिक झालेला लेखक मायदेशातील श्रोत्यांशी बोलू लागला म्हणजे त्याने काय पाहिले याची चर्चा पुष्कळ होते. तो कोणाच्या वतीने बोलत आहे याची मात्र क्वचितच होते. वास्तविक पहिल्या प्रश्नाचे मोल दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. एखाद्या देशातील निवडणूक, संप किंवा खून यांविषयीचे तेच वाक्य पाहुण्याच्या तोंडी एक अर्थ धारण करते, घरच्या माणसाच्या तोंडी दुसरा आणि घर बदललेल्या माणसाच्या तोंडी तिसरा. या तिसऱ्या प्रकारच्या वक्त्याचे एक ठळक उदाहरण म्हणून ॲलिस्टर कुकच्या नभोवाणी-पत्रांचा विचार येथे करावयाचा आहे.

२४ मार्च १९४६ रोजी बी.बी.सी.वरून ‘अमेरिकन लेटर’ या नावाने सुमारे पंधरा मिनिटांचे एक भाषण प्रक्षेपित झाले. प्रारंभी ही मालिका तेरा आठवड्यांपुरतीच योजलेली होती. १९५० मध्ये तिला ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ हे नाव मिळाले आणि २० फेब्रुवारी २००४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठ्ठावन्न वर्षे, ती चालू राहिली. एकंदर २,८६९ पत्रे झाली. शेवटचे पत्र प्रक्षेपित झाले तेव्हा कुकचे वय पंचाण्णव होते. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आतच न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले.

कुकचा जन्म १९०८ मधला, लँकेशायरमधील सॅलफर्डचा. बालपण ब्लॅकपूलला गेले, शिक्षण केंब्रिजच्या जीझस कॉलेजात झाले. १९३२ मध्ये कॉमनवेल्थ फंडाची शिष्यवृत्ती घेऊन तो अमेरिकेस गेला, प्रथम येल आणि मग हार्वर्ड विद्यापीठात राहिला. १९३७ मध्ये तो कायमचा अमेरिकेत आला आणि १ डिसेंबर १९४१ रोजी तेथील नागरिक झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. जर्मन बॉम्बवर्षावाने होरपळलेल्या ब्रिटनचे नागरिकत्व त्याने सोडले आणि आठवडाभरात दोन्ही देश एकाच युद्धात एका बाजूस उभे राहिले. दोन निष्ठांचा प्रश्न त्यामुळे त्याच्यापुरता काही काळ मिटला. पण सुटला नाही. पत्रांतील पुष्कळसा मिस्कीलपणा या न सुटलेल्या प्रश्नातून आलेला आहे, आणि तो प्रश्न मुळात एका सर्वनामाचा आहे, असे दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

२

ही पत्रे वाङ्मयप्रकार म्हणून कोठे बसतात, हे प्रथम पाहिले पाहिजे. मराठी वाचकाला ती ऐकताना लघुनिबंधाची आठवण होणे साहजिक आहे. फडक्यांनी ज्याला ‘गुजगोष्ट’ म्हटले त्याचे बरेचसे गुण येथे आहेत: सलगीचा सूर, किरकोळ गोष्टीपासून सुरुवात, स्वतःच्या फजितीविषयीची मोकळीक, विषयांतराचा शिष्टसंमत लाभ. परंतु लघुनिबंधाचा लेखक आणि वाचक एकाच गावचे असतात. छत्री हरवली किंवा गाडी चुकली असे निबंधकाराने म्हटले की वाचकाला ती छत्री आणि ते स्टेशन समजावून द्यावे लागत नाही. कुकला हा लाभ नव्हता. त्याचे श्रोते ज्या जगात राहत होते तेथे ‘प्रायमरी’ म्हणजे प्राथमिक शाळा. तो ज्या देशातून बोलत होता तेथे प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरविणारी निवडणूक.

दुसऱ्या बाजूस ही पत्रे वार्तापत्रेही नव्हेत. वार्तापत्रे कुक निराळी लिहीतच होता. १९४८ ते १९७२ या काळात तो ‘मँचेस्टर गार्डियन’चा, म्हणजे पुढच्या ‘गार्डियन’चा, अमेरिकेतील मुख्य बातमीदार होता. त्या तारांत घटना पुढे असे आणि सांगणारा पडद्याआड. नभोवाणीवर हा क्रम उलटा होई. पत्राची सुरुवात एखाद्या शेजाऱ्यापासून, गोल्फच्या मैदानापासून, व्हरमाँटमधल्या पानगळीपासून व्हावी, श्रोत्याने आज राजकारण नाही अशी स्वतःची समजूत करून घ्यावी, आणि आठव्या-नवव्या मिनिटाला त्याच्या ध्यानात यावे की तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या दारात येऊन उभा आहे.

या वळशाकडे केवळ लकब म्हणून पाहणे बरोबर होणार नाही. कोणत्याही संभाषणात नवी गोष्ट सांगण्यापूर्वी दोघांना ठाऊक असलेली एखादी गोष्ट मध्ये ठेवावी लागते. समोरासमोर बसलेल्यांना ती आयती मिळते. साडेतीन हजार मैलांवरच्या, उत्तर देऊ न शकणाऱ्या श्रोत्यासाठी ती प्रत्येक आठवड्यास नव्याने घडवावी लागते. हवामान, जेवण, म्हातारपण, मुलांचा हट्ट हे विषय कुकच्या पत्रांत वारंवार येतात ते या कामासाठी. ती दोन देशांमधली सामाईक जमीन होय.

अशा जमिनीची गरज किती होती, हे १९४६ सालच्या परिस्थितीवरून कळते. युद्ध जिंकलेल्या ब्रिटनने त्या वर्षी अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज घेतले, आणि युद्धकाळातही जे झाले नव्हते ते त्याच जुलैत झाले: पावाचे रेशनिंग सुरू झाले. खाद्यपदार्थांवरील नियंत्रणे संपूर्ण उठण्यास १९५४ उजाडले. म्हणजे पहिली आठ वर्षे कुक भरल्या बाजारातून रिकाम्या फडताळाशी बोलत होता, सावकाराच्या घरातून ऋणकोशी बोलत होता. अमेरिकेची स्तुती केली तर ती फुशारकी ठरावी, निंदा केली तर ती खुशामत ठरावी, अशी ही जागा. तेथे एकच सूर टिकण्यासारखा होता, आणि तो म्हणजे किंचित तिरका, स्वतःलाही न वगळणारा मिस्कील सूर. त्याचा मूळ उगम कुकच्या स्वभावात असेल. पण तो टिकला तो त्याच्या जागेमुळे.

३

कुकचे भाषेकडे लक्ष होते, ते हौसेपुरते नव्हे. हार्वर्डमध्ये असताना त्याने अमेरिकेतील इंग्रजीच्या इतिहासाचा अभ्यास केला आणि त्यातूनच ‘द अमेरिकन लँग्वेज’ या १९१९ मध्ये प्रथम निघालेल्या ग्रंथाचा कर्ता एच. एल. मेंकन याच्याशी त्याचा परिचय झाला. पुढे १९५५ मध्ये मेंकनच्या निवडक लेखनाचा ‘द व्हिंटेज मेंकन’ हा संग्रहही त्याने संपादिला. अमेरिकन इंग्रजी ही बिघडलेली इंग्रजी आहे, ही इंग्रज मनुष्याची आवडती समजूत. तिच्यावरचा उतारा या अभ्यासात होता. पानगळीच्या ऋतूला अमेरिकन माणूस ‘फॉल’ म्हणतो तेव्हा तो नवा शब्द पाडीत नाही. इंग्लंडमध्ये एके काळी रुळलेला आणि नंतर तेथे मागे पडलेला शब्द तो वापरतो. ‘गॉटन’ या रूपाची कथाही तीच. स्थलांतर केलेल्यांच्या बोलीत मायभूमीचा जुना थर टिकून राहतो, हा भाषाशास्त्राच्या परिचयाचा अनुभव आहे. तंजावरच्या मराठीचा अभ्यास करणाऱ्यास तो नवा वाटणार नाही.

कुकच्या स्वतःच्या उच्चारांची गोष्ट याहून सूचक आहे. त्याची बोली ब्रिटिश श्रोत्यांना अमेरिकन वळणाची वाटे आणि अमेरिकन श्रोत्यांना अस्सल इंग्रजी. १९७१ ते १९९२ या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील ‘मास्टरपीस थिएटर’ या मालिकेत तो ब्रिटिश नाट्यकृतींची प्रस्तावना करीत असे, आणि तेथील प्रेक्षकांच्या लेखी तो सुसंस्कृत इंग्रजाचा नमुनाच होऊन बसला होता. लहान मुलांच्या ‘सेसमी स्ट्रीट’ या कार्यक्रमात त्याचे विडंबनही झाले. म्हणजे एकच मनुष्य ब्रिटनला अमेरिका सांगत होता आणि अमेरिकेला ब्रिटन दाखवीत होता.

राजशिष्टाचारानेही हीच गंमत केली. १९७३ मध्ये ब्रिटनने त्याला नाइटहूड दिली ती मानद. परदेशी नागरिक असल्यामुळे ‘सर’ ही उपाधी त्याला लावता येईना. पुढच्याच वर्षी, पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसच्या द्विशताब्दीनिमित्त, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात भाषण करण्यासाठी त्याला पाचारण झाले. ज्या सभेपासून ब्रिटनशी फारकत घेण्यास सुरुवात झाली तिच्या स्मरणार्थ लँकेशायरमध्ये जन्मलेल्या माणसाने बोलावे, यातला विनोद त्याला सांगावा लागला नसेल.

४

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. ‘मी’, ‘तू’, ‘इथे’, ‘आज’ अशा ज्या शब्दांचा निर्देश वक्ता बदलला की बदलतो, त्यांना येस्पर्सनने १९२२ मध्ये ‘शिफ्टर’ असे नाव दिले. १९५७ मध्ये याकोबसनने त्यांची अधिक सूक्ष्म छाननी केली. या शब्दांत उत्तमपुरुषी अनेकवचन विशेष निसरडे असते. ‘मी’ म्हणजे कोण हे आवाजावरून कळते. इंग्रजी ‘वुई’ म्हणजे कोण हे त्या शब्दावरून कधीच कळत नाही. त्यात ऐकणारा धरलेला आहे की वगळलेला, हे संदर्भाने ठरवावे लागते.

मराठीत ही मोकळीक नाही. ऐकणाऱ्यास वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद आपली भाषा करते. तमिळमध्ये ‘नांगळ’ आणि ‘नाम’ असा तो आहे, आणि मराठीत तो द्राविडी भाषांच्या सहवासातून आला असावा असे सामान्यतः मानले जाते. मराठी ‘आपण’ला आणखीही पदर आहेत: तो आदरार्थी मध्यमपुरुष होतो, तो स्वतःवाचकही होतो. तथापि ‘आम्ही’ की ‘आपण’ हा प्रश्न मराठी वक्त्याला प्रत्येक वाक्यात सोडवावाच लागतो.

कुकची पत्रे मराठीत आणण्याचा नुसता मनात प्रयत्न करून पाहिला तरी अडचण ध्यानात येते. बालपणच्या लँकेशायरविषयी बोलताना तो ‘वुई’ म्हणतो तेव्हा ब्रिटिश श्रोत्यासाठी ते ‘आपण’ आहे. निवडणुकीच्या वर्षी, मतदार म्हणून, तो ‘वुई’ म्हणतो तेव्हा त्याच श्रोत्यासाठी ते ‘आम्ही’ झालेले असते. ‘हा देश’ म्हणजे अमेरिका हे ठरून गेलेले आहे. पण हा देश ‘आमचा’ की ‘त्यांचा’ हे वाक्यागणिक बदलते. या दोहोंच्या मध्ये तिसरा एक ‘वुई’ आहे: म्हातारे होत चाललेले, नव्या यंत्रांपुढे भांबावणारे, मुलांचे संगीत न कळणारे असे जे कोणी जगात असतील ते सारे. भाषांतरकाराला दर वेळी एक दार उघडून दुसरे लावून घ्यावे लागेल. मूळ इंग्रजीत सगळी दारे अर्धवट उघडी राहतात, आणि कुकचा मिस्कीलपणा त्या फटींतून येतो. आपली चेष्टा होते आहे असे कोणत्याच बाजूच्या श्रोत्याला वाटत नाही, कारण चेष्टा ज्या ‘वुई’ची चालली आहे तो दुसरा असावा असे समजण्याची सोय प्रत्येकाला आहे.

ही सोय हे या पत्रांचे बळ आहे. तीच त्यांची मर्यादाही आहे काय, हे पाहण्यासाठी हसण्याजोगे काहीच नसलेले एक पत्र घ्यावे लागते.

५

१९६८ च्या ४ जूनच्या रात्री कुक लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात होता. कॅलिफोर्नियाच्या प्रायमरीतील विजयाचे भाषण आटोपून रॉबर्ट केनेडी स्वयंपाकघराशेजारच्या वाटेने जात असता, मध्यरात्र उलटल्यावर, त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ६ जून रोजी त्याचा मृत्यू झाला. इतकी वर्षे वार्ताहर म्हणून घटनेनंतर पोहोचणारा कुक या वेळी योगायोगाने घटनेच्या आतच सापडला होता. त्या आठवड्याच्या पत्रात नेहमीचा वळसा नाही. जे दिसले ते, ज्या क्रमाने दिसले त्या क्रमाने, तो सांगतो.

त्या दिवसांत अमेरिकेत एक वाक्य सर्वत्र उच्चारले जात होते: या खुनाला आपण सारेच जबाबदार आहोत. कुकने हे वाक्य त्या पत्रात साफ नाकारले. सामूहिक अपराधाची ही भाषा त्याला थिल्लर आणि फसवी वाटली. आपण स्वतः या गुन्ह्याचे भागीदार आहोत असे आपल्याला वाटत नाही, असे त्याने एकवचनात सांगितले. इतकी वर्षे ‘वुई’च्या आडोशाने सुखाने बोलणारा हा वक्ता आणीबाणीच्या क्षणी ‘मी’ या सर्वनामाकडे आला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

त्याच्या नकारात तथ्य आहे. ‘सारेच दोषी’ असे म्हटले की कोणीच दोषी राहत नाही, आणि पश्चात्तापाचे समाधान मात्र सर्वांना फुकट मिळते. मात्र ज्याने इतर प्रसंगी ‘वुई’मध्ये शिरण्याचा हक्क बजावला त्याने नेमक्या या प्रसंगी त्यातून बाहेर पडावे काय, अशी शंका कोणीही घेईल. मतपेटीपाशी ‘आम्ही’ आणि प्रेतापाशी ‘मी’, ही वाटणी फार सोयीची आहे.

परंतु पत्र येथे थांबत नाही. हेच मत आपण एका तरुण मित्राजवळ बोलून दाखविले, असे कुक सांगतो, आणि त्या मित्राचे उत्तरही नोंदवतो. त्याचा आशय असा: केनेडी बंधूंच्या खुनात आपला हात आहे असे मलाही वाटत नाही, पण मार्टिन ल्यूथर किंगचा खून होतो तेव्हा तुम्ही आणि मी त्या खुन्यासारखे नाही, हे ठाऊक असणारी माणसे फक्त दोनच असतात, तुम्ही आणि मी. किंगचा खून त्याच वर्षी ४ एप्रिलला, म्हणजे दोनच महिन्यांपूर्वी, मेंफिसमध्ये झाला होता. या वाक्याचे वजन कुकने मान्य केले आणि त्यातून आपल्या परीने धोका दाखविला: शतकानुशतके दडपला गेलेला मनुष्य सामूहिक अपराधाची ही भाषा खरी मानून वागू लागेल.

मित्राच्या त्या उत्तरात सर्वनामांचा सारा प्रश्न एकवटलेला आहे. ‘तुम्ही आणि मी’ म्हणजे मराठीत ‘आपण दोघे’. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे, विश्वासाचे, जवळिकीचे हे ‘आपण’ आहे. पण याच ‘आपण’च्या बाहेर एक तिसरा मनुष्य उभा आहे. तो काळा आहे. या दोघांच्या मनात काय आहे ते त्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो दोघांचा रंग आणि त्या रंगाच्या लोकांनी केलेले कायदे. ‘आपण’ हे सर्वनाम श्रोत्यापुरते उदार असते. जो श्रोता नाही त्याच्यासाठी ते ‘आम्ही’इतकेच बंद असते.

यापुढची पायरी कुकने घेतली नाही. एका माणसाने केलेला खून आणि एका राज्याने चालविलेला वर्णभेद यांचे व्याकरण वेगळे आहे. मराठीत तीन वाक्ये संभवतात: ‘आपण केले’, ‘आपल्यात झाले’ आणि ‘आपल्या हातून झाले’. पहिल्यात कर्तृत्व आहे, दुसऱ्यात केवळ स्थळ आहे. तिसऱ्यात हेतू नसताना येणारी जबाबदारी आहे. दुधाचे भांडे हातून पडते तेव्हा आपण ते पाडलेले नसते, तरी पुसायचे आपल्यालाच असते. कुकने पहिले वाक्य नाकारले, आणि ते योग्यच केले. पण ते नाकारताना तो दुसऱ्यावर जाऊन थांबला. मतदारांनी निवडलेल्या विधिमंडळांनी केलेले आणि १९६४ व १९६५ च्या कायद्यांपर्यंत तग धरून राहिलेले वर्णभेदाचे नियम तिसऱ्या वाक्यात बसतात. ते वाक्य इंग्रजीत रचणे अशक्य नाही; मात्र मराठीप्रमाणे ते तेथे तयार ठेवलेले नाही.

तरीही हे पत्र संपूर्ण मालिकेत वरच्या दर्जाचे ठरते ते या उणिवेसह. आपल्या युक्तिवादाला छेद देणारे वाक्य त्याने लपविले नाही; ते ज्याचे होते त्याच्या नावावर ठेवले आणि स्वतःपेक्षा त्या तरुणाला अधिक चांगले वाक्य बोलू दिले. अर्धी उघडी दारे त्या एका रात्रीपुरती कोणीतरी सताड उघडली, एवढे त्यातून श्रोत्याला कळते.

६

मराठी वाचकाला या विवेचनात स्वतःचा संबंध दिसावा, असे एक-दोन मुद्दे उरतात. अमेरिकेविषयीचे मराठीतील एक महत्त्वाचे जुने पुस्तक पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे १८८९ मध्ये निघाले. रमाबाई तेथे पावणेतीन वर्षांच्या आसपास राहिल्या आणि परत आल्या. तेथील स्त्रियांच्या संघटनांचे कौतुक करताना आणि तेथील वर्णद्वेषावर टीका करताना त्यांची जागा ठरलेली होती. ज्या वाचकाशी त्या बोलत होत्या त्याच्यात आणि त्यांच्यात ‘आपण’ अभंग होते. कुकला ती निश्चिंती नव्हती. आणि १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियातील लोकांना अधिक उघडल्यावर जे मराठी भाषक तेथे जाऊन स्थायिक झाले, त्यांनाही ती राहिलेली नाही.

त्यांच्या पत्रांतून आणि लेखांतून एक जोडी सहज आढळते. ‘आमच्याकडे बर्फ पडला’ असे लिहिणारा मनुष्य पुढच्याच ओळीत ‘आपल्याकडे पाऊस झाला का?’ असे विचारतो. ‘आमच्याकडे’ म्हणजे जेथे तो राहतो ते गाव; ‘आपल्याकडे’ म्हणजे जेथे तो आता राहत नाही तो देश. इंग्रजीला जे एका शब्दात झाकता आले ते मराठीने दोन शब्दांत उघडे केले आहे. कुकप्रमाणे फटीत उभे राहण्याची सोय या लेखकाला नाही. पण आपण कोठे उभे आहोत हे त्याची भाषा त्याला दर वाक्याला विचारते. पुढच्या पिढीच्या मराठीत ‘आपल्याकडे’ हा शब्द कोणत्या देशासाठी वापरला जाईल, याची नोंद भाषेच्या अभ्यासकांनी आतापासून ठेवली पाहिजे. नागरिकत्वाची तारीख सरकारी कागदावर मिळते. घर केव्हा बदलले ते या शब्दावरूनच कळेल.